चुड्यासकट

याडी सकाळी सहापासून नटून बसली होती आणि मी पोचलो सव्वाअकराला.

याडी म्हणजे माझी आई, भुरीबाई. आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात आणि बापाला बा. घरात आम्ही तीच बोली बोलतो, पण इथं बोलणं वऱ्हाडीत सांगतो, म्हणजे सगळ्यांना कळेल. आमचा तांडा पांढरकवड्यापासून बारा किलोमीटरवर आहे आणि माझा फोटो स्टुडिओ पांढरकवड्यात. लग्नाचे, लग्नाआधीचे, बारशाचे, सगळे फोटो मी काढतो. तीनशेच्या वर जोड्या मी झाडाखाली, तळ्याकाठी, कापसाच्या वावरात उभ्या केल्या असतील. माझ्या आईबापाचा एकत्र असा एकही फोटो मी काढलेला नव्हता. याची मला लाज वाटली पाहिजे होती, पण खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत ते ध्यानातही आलं नव्हतं.

बाला दुपारी दोन वाजता नागपूरला न्यायचं होतं. हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर फिफ्टी-फिफ्टी म्हणाला होता आणि तो शब्द तांड्यात कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्यावर याडीनं चार दिवसांपूर्वी माझ्या बायकोला, पुष्पाला, सांगितलं होतं की शामला म्हणावं, जायच्या आधी आम्हा दोघांचा फोटो काढ. मोबाइलवरचा नको. लोकांच्या लेकीसुनांचे काढतो त्या मोठ्या कॅमेऱ्याचा पाहिजे, भिंतीवर लावायला.

कारण तिनं सांगितलं नाही. आमच्यात नवरा असेपर्यंत बाईच्या केसांत चांदीची टोपली आणि घुगरी असते, दंडात पांढऱ्या बांगड्यांचा चुडो असतो. नवरा गेला की ते उतरवतात. आता तांड्यातल्या सुना साड्या नेसतात, माझी पुष्पा पंजाबी ड्रेस घालते. पूर्ण पेहराव अंगावर बाळगणाऱ्या तीनच म्हाताऱ्या उरल्या होत्या आणि त्यांतली एक माझी याडी. तिला तो पेहराव बाच्या शेजारी, बा असताना, फोटोत पाहिजे होता. एवढीच गोष्ट होती, आणि ती मी सकाळी सातला करतो म्हणून कबूल केली होती.

पण कळंबला लग्न होतं. विदाई लांबली. नाचणाऱ्या पोरांनी धक्का मारला आणि माझी पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स कॅमेऱ्यासकट खुर्चीवर आपटली. वरून काही तुटलेलं दिसलं नाही. विदाई अजून व्हायची होती, म्हणून बाकीच्या लेन्सा, फ्लॅश, उजेड परतवायची चकती असं सगळं सामान मी माझ्या जोडीदाराकडे, भीमराजकडे, ठेवलं आणि एवढी एक लेन्स घेऊन गाडीला किक मारली. चेहरे काढायला तिच्याइतकी चांगली लेन्स नाही, असं मनाला सांगितलं.

बा अंगणात निंबाखाली बाजेवर उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला दम लागायचा. घरात राहायची सोय नव्हती, कारण भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेला होता. त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटते आणि तंतूंनी बाला खोकला यायचा. पाय सुजून गुळगुळीत झाले होते. मला बघून तो म्हणाला, "आला का फोटोवाला? तुही माय सकायपासून नवरी होऊन बसून राह्यली. वरात कोठी अडकली म्हून मी वाट पाहून राह्यलो होतो."

 याडीनं मला पाणी आणून दिलं. सहा किलोचा घेरदार घागरा म्हणजे फेटिया, आरशांनी भरलेली कांचळी, डोक्यावर छांटिया, म्हणजे आमची ओढणी, तिलाही काठाला आरसे. घामानं तिची पाठ ओली झाली होती आणि दंडावरच्या चुड्याखालून घामाचे ओघळ येऊन कोपरावर थेंब धरत होते. पाच तास ती अशी बसली होती. मी माफी मागायला पाहिजे होती. मी म्हणालो, चला, लवकर उरकू.

मे महिन्यातलं बारा वाजताचं ऊन कॅमेऱ्याला सोसत नाही. ते सरळ डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतं आणि नाकाचं टोक पांढरं. निंबाची सावली तर आणखी वाईट, कारण ती सलग नसते. पानांतून उन्हाचे तुकडे पडतात आणि चेहरा कोड फुटल्यासारखा दिसतो. त्यात याडीच्या अंगावर दोनेकशे आरसे. ती जरा हलली की अंगणभर कवडसे नाचायचे, एखादा थेट लेन्समध्ये शिरायचा आणि सगळा फोटो पांढरा व्हायचा.

लेन्सच्या पोटात बारीक पाती असतात. ऊन फार झालं की डोळा बारीक करावा तशी ती मिटून घेता येतात. मी मिटवायला गेलो तर कॅमेऱ्यानं एरर दाखवला. बॅटरी काढून घातली, लेन्स काढून तिचे पितळी ठिपके सदऱ्यानं पुसले, फुंकर मारली. पाती सताड उघडी अडकली होती. लेन्स चालत होती, पण डोळे फाडूनच. मी मोबाइल काढून बघितला, त्यात दोघांचे चेहरे काळे आणि आरशांचे नुसते चटके. दोन फोटोंत मोबाइलही तापून बंद पडला.

माझं डोकं फिरलं होतं, रात्रभर झोप नव्हती, साडेबारा होत आले होते. मी स्टुडिओत नवऱ्यामुलीला सांगतो त्याच आवाजात म्हणालो, "याडी, ते टोपली-घुगरी अन् चुडो काढून ठेव जरा. पुष्पाची एखादी साडी नेस. लय चमकून राह्यलं."

पुष्पाच्या हातातला तांब्या तिथल्या तिथं थांबला. बानं मान वर केली. दुसऱ्या कोणा फोटोवाल्यानं असं म्हटलं असतं तर त्याला समजून घेतलं असतं, की बाबा, तू आमच्यातला नाहीस. मी तांड्यातच जन्मलो होतो. मी माझ्या आईला, बाप समोर बाजेवर बसलेला असताना, चुडो उतरव म्हणालो होतो.

याडी उठली. फेटियाचा घेर सावरत सावकाश घरातल्या मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

बाला बोलायला दम जमवावा लागायचा. तो जमवून म्हणाला, "शाम, तिले काही काढाले सांगू नोको. मी आजून हाओ इथं." मग थोडं थांबून, "ऊन आवरत नसंन त ऊन आडव. तिच्या आंगावरचं कायले उतरवतं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. नांगराचा फाळ बोथट असेल तर बैलाला मारून काय होणार, असं तो मला लहानपणी वावरात ज्या सुरात सांगायचा, तोच सूर होता.

मी कॅमेरा खाली ठेवला आणि अंगणाकडे नीट बघितलं. पुष्पाला म्हणालो, मच्छरदाणी आण. पांढरी मच्छरदाणी आम्ही चौपदरी केली. रिकामी दुसरी बाज होती, ती उभी करून मच्छरदाणीचं एक टोक तिच्या पायांना बांधलं, दुसरं कापूस मोजायच्या काट्याच्या बांबूला. निंबाच्या पानांतून येणारे उन्हाचे तुकडे त्या कापडात मुरले आणि खाली एकसारखा दुधाळ उजेड पडला. वारा गरम होता आणि झोताझोतानं येत होता. बांबू कोणीतरी धरून ठेवणं भाग होतं. पुष्पानं धरला.

वरचा उजेड मऊ झाला, पण हनुवटीखाली आणि डोळ्यांत काळोख तसाच. चकती कळंबला. मग मला पुढच्या खोलीतला कापूस आठवला. घमेल्यानं कापूस आणून मी बाजेच्या पुढे अंगणात पसरायला लागलो. दहा-बारा घमेली झाली. हात, मान, पोट खाजायला लागलं. बा बघत होता. म्हणाला, मातीत नको मिसळू, व्यापारी वजनातून कापून घेईन. मी खाली गोणपाटाचं चवाळं अंथरलं आणि पुन्हा भरलं. मच्छरदाणीच्या बाहेरच्या उन्हात तो कापूस असा उजळला की बाच्या गालांवरची खळगी भरून निघाली. आजारपण चेहऱ्यावरून थोडं मागं सरलं. माझ्याजवळच्या कुठल्याही महागड्या चकतीनं असा उजेड दिला नव्हता.

मग मी मागच्या खोलीत गेलो. याडी भिंतीला टेकून, अंधारात, सगळा पेहराव अंगावर ठेवून बसली होती. तिनं काहीही उतरवलं नव्हतं. मी तिच्यापुढं बसलो आणि म्हणालो की चूक झाली.  ती छांटियाच्या काठाचा एक आरसा अंगठ्यानं पुसत राहिली.

"लोकं म्हनतीन तवा काढीनच नं मी," ती म्हणाली. "पोराच्या तोंडून पयले आयकाचं होतं का?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिनं माझ्या मानेवर चिकटलेले कापसाचे तंतू काढले, एक एक. म्हणाली, चाल, त्यायले बसून बसून दम लागला असंन.

बाहेर आलो तर गाडी आलेली होती आणि उत्तमसिंग काका अंगणात उभे होते. काका बाचे मोठे भाऊ, म्हणजे याडीचे जेठ. नागपूरला तेच सोबत येणार होते. त्यांना बघताच याडीनं छांटिया छातीपर्यंत ओढून घेतला. पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला, पण जेठासमोर तिनं तोंड उघडं केलेलं नाही आणि त्यांच्यासमोर नवऱ्याच्या बरोबरीनंही ती कधी बसली नाही. एक वाजून गेला होता. ड्रायव्हर म्हणत होता की नागपूरच्या रस्त्यावर ट्रकांची गर्दी आहे, लवकर निघा.

मी काकांना काही म्हणायच्या आत त्यांनी सगळं ओळखलं. पुढे आले, पुष्पाच्या हातून बांबू घेतला आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचं वय बहात्तर. बांबू दोन्ही हातांनी छातीशी धरून ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "मायले सांग, मी पाठ करून हाओ. पदर वर घे म्हनाव."

याडीनं छांटिया वर घेतला. मग ती बाजेजवळ आली आणि नेहमीच्या जागी बसली. म्हणजे खाली, जमिनीवर, बाच्या पायाशी, हातभर मागं.

मी कॅमेऱ्यातून बघितलं. उजेड उत्तम होता. पण ती पाती उघडी अडकली की लेन्सला फार थोडं नीट दिसतं. चार बोटांची एक पट्टी स्पष्ट, तिच्या पुढचं-मागचं सगळं धूसर. बाचा चेहरा धरला की याडी धुकं व्हायची. याडीला धरलं की बा. दोघांपैकी एकच येणार होता.

मी समजावून सांगितलं की दोघांनी एका रेषेत, खांद्याला खांदा लावून बसलं तरच दोघं दिसतील. याडी, बाजेवर बस बाच्या बाजूला. ती हलली नाही. तिनं डोळ्यांनी काकांच्या पाठीकडे दाखवलं. मी म्हणालो, ते बघत नाहीत. ती हळूच म्हणाली की बघत नसले तरी उभे आहेत. पुष्पानं विनवलं. याडीनं मान हलवली आणि मला दिसलं की आता तिच्यावर आणखी जोर केला तर ती फोटोच नको म्हणेल. आज दुसऱ्यांदा मी तिला काहीतरी सोडून दे म्हणत होतो.

दीड झाला. काकांच्या हातातला बांबू कलत होता, मच्छरदाणी हलत होती, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"ती वर नाही येत त मी खाली येतो," बा म्हणाला.

आम्ही सगळे नको नको म्हणालो. डॉक्टरनं त्याला पायरीसुद्धा चढू-उतरू नको सांगितलं होतं. पण त्यानं पाय खाली सोडलेच होते. एक हात बाजेच्या लाकडी गातावर, एक माझ्या खांद्यावर. सुजलेलं पाऊल जमिनीला लागताच त्याचा श्वास अडकला, ओठ निळसर झाले. तो थांबला. पुन्हा इंचभर खाली आला. त्याचं वजन किती कमी झालं होतं ते मला तेव्हा खांद्यावर कळलं. याडीनं हात लांब करून त्याच्या कमरेला आधार दिला, सगळ्यांसमोर. मग तो बसला. पाठीमागं बाजेची कड, पुढं कापूस, शेजारी बायको. बसल्यावर कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिला आणि मग म्हणाला, "घे. आता बरोबर हाय का?"

बरोबर होतं. दोन्ही चेहरे एका रेषेत होते. पण तो खाली सरकला तेव्हा मच्छरदाणीच्या बाहेरून निंबातून आलेली उन्हाची एक तिरीप याडीच्या छांटियावर पडली आणि तिथल्या आरशांचे कवडसे बाच्या गालावर, मानेवर, सदऱ्यावर उमटले. सात-आठ असतील, हरभऱ्याएवढे. एरवी मी ओरडलो असतो, छांटिया सारखा करायला लावला असता. आता मी कोणालाच काही सांगितलं नाही. तीनदा बटण दाबलं. पहिल्यात बाचे डोळे मिटलेले आले, तिसऱ्यात मच्छरदाणी उडाली. दुसरा लागला.

उन्हात पडदा दिसत नव्हता, म्हणून मी कॅमेऱ्यावर माझा शर्ट धरला आणि दोघांनी त्यात डोकं घालून बघितलं. बा म्हणाला, तुही माय माह्यापेक्षा जवान दिसून राह्यली.  याडी पडद्यावर बोट ठेवून बसली आणि मग काकांना ऐकू जाईल इतपत खोकली, पदर खाली घेतला. काका वळले. बाला उचलून आम्ही गाडीत ठेवलं.

तो परत आला तो नवव्या दिवशी, त्याच गाडीतून, झाकलेला.

बायकांनी याडीची टोपली-घुगरी सोडली. चुडो वर्षानुवर्षं न काढल्यानं दंडात रुतला होता, तो फोडून काढावा लागला. त्या वेळी मी तिथं नव्हतो, पुरुष नसतात. नंतर बघितलं तर तिच्या दंडांवर, कोपरापासून खांद्यापर्यंत, कातडी वेगळीच होती, फिकट आणि मऊ. त्या दोन हातांवर कधी ऊन पडलंच नव्हतं.

बाराव्याच्या आदल्या दिवशी काकांचा निरोप आला की हारासाठी रूपसिंगचा, म्हणजे बाचा, एकट्याचा फोटो पाहिजे. मी स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसलो. लावण्याजोगा दुसरा कुठला फोटो नव्हताच. त्यातूनच बाला कापून वेगळा काढायचा होता. कापला तर त्याच्या खांद्यावर याडीच्या छांटियाचा काठ राहिला. तोही काढता आला असता. मग ते गालावरचे कवडसे. नवरीच्या चेहऱ्यावरचे फोड मी रोज पुसतो, हे दोन मिनिटांचं काम होतं. एक पुसला. तिथला गाल एकदम आजारी दिसायला लागला. मी तो परत आणला आणि आहे तसा पूर्ण फोटो छापून फ्रेम करून घेतला. काका काय म्हणतील याची भीती होती.

काका झेंडूचा हार घेऊन आले. याडी आत होती. मी फ्रेम त्यांच्या हातात दिली. त्यांनी आधी भावाकडे बघितलं. मग बोट त्या ठिपक्यांवर ठेवून विचारलं की हे काय. मी म्हणालो, याडीच्या आरशांचा उजेड. त्यावर त्यांची नजर बाजूला सरकली आणि तिथंच राहिली. पंचेचाळीस वर्षं एका अंगणात वावरलेल्या भावजयीचं तोंड ते पहिल्यांदा बघत होते. म्हातारे डोळे फ्रेमजवळ नेऊन त्यांनी बघितलं आणि लगेच, चोरी केल्यासारखी, मान खाली घातली.

मी म्हणालो, एकट्याचा होत नाही, काका.

"जित्या बाईले हार घालता येत नाही," ते म्हणाले. हार हातात धरून उभे राहिले. मग अंगणात गेले आणि निंबाखालच्या बाजेच्या पायाला तो अडकवून आले. "राहू दे. असाच लाव."

फ्रेम पुढच्या खोलीत आहे. कापूस विकला, खोली मोकळी झाली, भिंतीवर दुसरं काही नाही. हार नसल्यामुळे नवख्या माणसाला काही कळत नाही. परवा पंचायतीचा नवीन माणूस घर मोजायला आला. याडी पांढऱ्या साडीत उंबऱ्याशी तूर पाखडत बसली होती. त्यानं फोटो बघितला आणि सहज विचारलं की बाबा कुठं गेलेत.

याडीनं सूप खाली ठेवलं आणि त्या दोघांकडे बघितलं.

"बसले हायेत नं," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी पाणी आणायला उठली.